वळिवड्याची शाळा

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या लॉस अलामोसच्या पठारावर १९४३ ते १९४५ या काळात जी बाळं जन्मली, त्यांच्या जन्मदाखल्यावर गावाचं नाव नाही. जन्मस्थळ म्हणून लिहिलंय, ‘पोस्ट बॉक्स १६६३, सांता फे’. अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांची ती वसाहत होती आणि ती अस्तित्वात असल्याचं कुणाला कळू द्यायचं नव्हतं. त्या जागेवर आधी मुलांची एक निवासी शाळा चालायची. सरकारने ती बंद करून जागा ताब्यात घेतली, आणि मग शास्त्रज्ञांच्या मुलांसाठी तिथेच नवी शाळा उघडावी लागली. बाबा रोज कुंपणाच्या आत जाऊन काय करतात, हे त्या मुलांना माहीत नव्हतं.

ही गोष्ट मी ऐरोलीत माझ्या आठवीतल्या भाचीला सांगत होतो. तिने विचारलं, “मामा, आपल्याकडे होतं का असं एखादं गाव?” मी म्हटलं, अगदी तसं नाही. पण त्याच १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या लोकांचं एक अख्खं गाव वसलं होतं. सुमारे ५,००० माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. ते गाव लपवलेलं नव्हतं. लपवलेलं होतं ते ही माणसं तिथवर का आली त्याचं कारण. तिचा विश्वास बसेना. कोल्हापूरला ती अनेकदा गेली होती. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा सगळं पाहिलं होतं. हे मात्र तिला कुणी दाखवलं नव्हतं, आणि तिच्या पुस्तकातही नव्हतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं निघालो.

ऐरोलीहून ठाण्याची लोकल, तिथून कल्याण आणि कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी. घणसोली-ऐरोलीच्या लोकांना कोल्हापूरसाठी हा सरळ रस्ता आहे. पनवेलला जाऊन एसटी पकडण्याची दगदग नको. गाडीने कल्याण सोडलं की पाचदहा मिनिटांत उल्हासनगर येतं. खिडकीतून दिवे दिसायला लागले तसं मी भाचीला सांगितलं, हे आधी युद्धकाळातलं लष्करी कॅम्प होतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या बराकी मिळाल्या आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव पडलं. हे लक्षात ठेव म्हटलं, कारण वळिवड्याच्या गोष्टीचा शेवटही थेट असाच आहे.

गोष्ट सुरू होते ती १७ सप्टेंबर १९३९ ला. जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केल्याला दोन आठवडे झाले होते, तेवढ्यात सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या. देशाचे दोन तुकडे झाले. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधल्या हजारो घरांची दारं ठोठावली. थोड्या वेळात जे बांधून घेता येईल ते घ्या आणि चला, एवढंच सांगितलं. मालगाडीच्या डब्यांत भरलेली ही कुटुंबं सायबेरियात, अर्खांगेल्स्कच्या जंगलांत, कझाकस्तानच्या माळावर नेऊन टाकली. त्यानंतर १९४१ पर्यंत अशा आणखी खेपा निघाल्या. लाखो माणसं गेली. शेतकरी, जंगलरक्षक, शिक्षक, पोलिसांच्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका, आणि त्यांच्याबरोबर पोरं. मोठ्यांनी लाकडं तोडायची, लहानांनी पावाच्या रांगेत उभं राहायचं. कित्येक मुलांचे आईबाप तिथेच गेले.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि स्टालिनला मित्र हवे झाले. ३० जुलै १९४१ च्या करारानंतर या पोलिश कैद्यांना ‘माफी’ मिळाली. काय गुन्हा केला होता म्हणून माफी, हे विचारायची सोय नव्हती. जनरल आंदेर्स यांनी सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभं करायला घेतलं, आणि या सैन्याच्या छावण्यांकडे बायकामुलांचे लोंढे दक्षिणेला निघाले. १९४२ मध्ये दोन खेपांत लाखाहून जास्त माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात, म्हणजे आजच्या बंदर-ए-अंजलीत उतरली. किनाऱ्यावर त्यांचे उवा पडलेले कपडे जाळले, डोकी भादरली. पोटं इतकी खपाटीला गेली होती की पोटभर जेवण मिळाल्यावर ते न सोसून काहीजण दगावले. तिथून हे लोक जगभर विखुरले: पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको, लेबनॉन आणि हिंदुस्थान.

हिंदुस्थानात पहिली आली ती अनाथ मुलं. अश्गाबादहून ट्रकमधून खुष्कीच्या मार्गाने. काही काळ ती मुंबईला वांद्र्याला राहिली आणि मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांच्यासाठी जामनगरजवळ बालाचडीला छावणी बांधून दिली. जामसाहेबांची गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत आहे. वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे, शाळा आहे. पण बालाचडीपेक्षा कितीतरी मोठी वस्ती आपल्या वळिवड्याला होती, आणि ती पाच वर्षं टिकली. तिच्याबद्दल महाराष्ट्रातच इतकं कमी बोललं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहाटे सातारा-कराड मागे पडलं. भाचीला मुद्दाम जागं केलं, कारण शेणोली येणार होतं. आपल्याकडेही युद्धकाळात लपूनछपून चालणारं एक जग होतं, ते याच मुलखात. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. ७ जून १९४३ ला त्यांच्या तुफान सेनेने याच शेणोलीला सरकारी पगाराची गाडी लुटली. कॅप्टन रामचंद्र लाड आणि जी. डी. बापू लाड त्यात पुढे होते. त्याच वर्षाच्या मध्यापासून वळिवड्याला पोलिश कुटुंबं येऊ लागली. तेव्हा पुणे ते कोल्हापूर ही लाइन मीटर गेजची होती, आणि मिरज ते कोल्हापूर हा तुकडा तर कोल्हापूर संस्थानाने स्वतः बांधलेला, १८९१ चा. एकाच रुळांवरून एकीकडे ब्रिटिशांची तिजोरी लुटली जात होती आणि दुसरीकडे ब्रिटिशांच्या आश्रयाला आलेली मुलं प्रवास करत होती. दोन्ही बाजूंची माणसं आपल्या देशासाठीच धडपडत होती; पोलिश मुलांना बाहेरचं हे काही कळण्याचं कारण नव्हतं.

मिरजेनंतर जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. मग पंचगंगेवरचा पूल आणि वळिवडे. महालक्ष्मी तिथे थांबत नाही. डोळ्याचं पातं लवतं तोवर फलाट निघून गेला. भाचीने पाटी वाचली तेवढी.

कोल्हापुरात मिसळ खाऊन आम्ही आधी महावीर उद्यानात गेलो. सकाळी फिरायला येणारी माणसं, व्यायाम करणारे आजोबा, आणि मधेच पोलिश निर्वासितांच्या आठवणीचा स्तंभ. त्यावरचा मजकूर वाचणारे आम्ही दोघंच होतो. इथून रिक्षा केली. रिक्षावाले काका म्हणाले, “वळिवडं म्हंजी गांधीनगरच की वो. कापड घ्यायला आलाय व्हय?” मी म्हटलं, नाही हो, युद्धाच्या वेळी पोलंडचे लोक राहायचे ना, ती जागा बघायचीय. “मग तसं सांगा की! पोलंडवाल्यांचा खांब हाय तितं सोडतो. मागं लई गोरी म्हातारी माणसं आल्ती बगा, रडत होती.” हे ते सप्टेंबर २०१९ चं सांगत होते. वळिवड्याला नवा स्मृतिस्तंभ उभा राहिला, तेव्हा पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री आणि इथे लहानपण घालवलेली काही मंडळी आली होती. तेव्हाचे खासदार संभाजीराजे छत्रपती त्या कार्यक्रमात पुढे होते.

आज गांधीनगर म्हणजे कापडाची घाऊक पेठ. साड्यांचे गठ्ठे, ड्रेस मटेरिअलची दुकानं, टेम्पोंची गर्दी. इथे कधीकाळी ओळीने बैठ्या चाळी होत्या, हे कल्पनेनेच बघावं लागतं. चाळी म्हणजे लांबलचक कौलारू बराकी. भिंती चटयांच्या, पुढे पडवी. प्रत्येक कुटुंबाला दोन खोल्या आणि स्वयंपाकाची जागा. सायबेरियात एका खोलीत तीन-तीन कुटुंबं कोंबलेल्या माणसांना ही पडवी म्हणजे चैन वाटली असणार. गावाला दवाखाना होता, पोस्ट होतं, बाजार होता, सिनेमागृह होतं, नाटकाचा रंगमंच होता, आंद्रेय बोबोला या पोलिश संताच्या नावाचं चर्च होतं. भाजीवाले, अंडीवाले आसपासच्या गावांतून यायचे आणि धंद्यापुरती पोलिश बोलायला शिकले होते. कारभार पोलिश लोकांच्याच हाती, खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा, वर देखरेख ब्रिटिशांची. मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत आणि त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनी या मुलांसाठी रात्रीचा दिवस केला. युद्धानंतरही किरा बनासिन्स्का भारत सोडून गेल्या नाहीत.

कोल्हापूर संस्थान त्या वेळी स्वतःच पोरकं होतं. राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये गेले होते. दत्तक घेतलेले बालराजे अजून पाळण्यातले, आणि महाराणी ताराबाई रीजंट म्हणून कारभार बघत होत्या. पण हे संस्थान शाहू महाराजांचं होतं. १९०१ पासून ज्या गावात जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं निघाली, ज्या संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, तिथे परदेशी मुलांच्या शाळांना जागा मिळावी यात मला मोठं औचित्य वाटतं.

कारण वळिवड्याचा जीव शाळेतच होता. भाचीला मी सांगितलं, आधी हिशोब कर. १९४० साली एखादी मुलगी आठ वर्षांची होती. दुसरीत असताना तिला उचलून नेलं. सायबेरियात शाळा असलीच तर रशियन भाषेतली, देव नाही आणि स्टालिन महान आहे हे शिकवणारी. नंतर वर्षभर फक्त प्रवास, आजारपण, रांगा. वळिवड्याला पोहोचली तेव्हा ती अकरा वर्षांची, आणि शिक्षण दुसरीचं. काहींना तर अक्षरओळखही नव्हती. अशी शेकडो पोरं. काही मुलं उशाखाली पावाचे तुकडे लपवून ठेवायची. आज मिळालं ते उद्या मिळेलच यावर त्यांचा भरवसा नव्हता. शिक्षकांपुढे ही मुलं बसली होती, आणि शिक्षकही त्याच वाटेने आलेले. पुरुष सगळे सैन्यात, त्यामुळे बहुतेक शिक्षिकाच.

त्यांनी आधी पुस्तकं, फळे, खडू, इमारती यांची वाट पाहिली नाही. बराकीतच वर्ग भरवले. बालवाड्या, प्राथमिक शाळा, मग माध्यमिक शाळा, त्यावरचं लिसेयम म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखं, शिक्षिका तयार करणारा अभ्यासक्रम, धंदेशिक्षणाचे वर्ग. पाच हजारांच्या वस्तीत एवढं सगळं! पोलिश क्रमिक पुस्तकं युरोपात छापायची सोयच उरली नव्हती. तेव्हा पोलिश सैन्याच्या मागोमाग पॅलेस्टाइनमध्ये पोहोचलेल्यांनी जेरुसलेममध्ये छापखाना चालवला आणि निर्वासित मुलांसाठी पुस्तकं काढली. मुंबईहून ‘पोलाक व इंदियाख’ म्हणजे ‘हिंदुस्थानातला पोल’ नावाचं पत्र निघायचं. मागे पडलेली वर्षं भरून काढायची म्हणून अभ्यास घाईने उरकला जायचा, पण उथळपणे नव्हे. परीक्षा पोलंडच्या नियमाप्रमाणे, अगदी शालान्त परीक्षेपर्यंत. काही मुली पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्येही शिकल्या.

त्याच वेळी खुद्द पोलंडमध्ये काय चाललं होतं? जर्मनांनी माध्यमिक शाळा आणि विद्यापीठं बंद करून टाकली होती. पोलिश माणसाने लिहायला-वाचायला आणि आकडेमोड करायला शिकावं, मजुरी करावी, त्याहून जास्त शिकू नये, हे त्यांचं उघड धोरण होतं. पोलिश शिक्षकांनी ऑक्टोबर १९३९ मध्येच गुप्त शिक्षण संघटना उभी केली. कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पाच-सहा मुलांचे वर्ग भरत. पुस्तकं कोटाच्या आत दडवून न्यायची. कुणी दार वाजवलं की पत्ते मांडायचे किंवा भरतकाम काढायचं. सापडलं तर छळछावणी किंवा गोळी. तरीही हजारो मुलं शिकली आणि गुप्तपणे परीक्षा देऊन उत्तीर्ण झाली. पुढे पोप झालेले कारोल वोयतिवा क्राकुफमधल्या अशाच गुप्त सेमिनरीत शिकले. पोलिश लोकांना हे नवं नव्हतं. मादाम क्युरी वॉर्सात रशियन अमलाखाली वाढल्या, तेव्हा मुलींसाठी उच्च शिक्षणाची दारं बंद होती, आणि त्या दर वेळी जागा बदलणाऱ्या ‘फिरत्या विद्यापीठात’ लपूनछपून शिकल्या. मादाम क्युरींचं चरित्र मराठी घराघरात वाचलं जातं; ते वाचणाऱ्याला वळिवड्याचा अर्थ लगेच कळेल. तिकडे शाळा दाराआड लपवावी लागत होती, आणि इकडे पंचगंगेकाठी तीच शाळा भरदुपारी, दारं उघडी टाकून चालत होती.

शाळेइतकंच वेड होतं स्काऊटचं. मुलगे-मुली गणवेश घालायचे, शेकोट्या पेटवायचे, आसपास सहलींना जायचे. या पथकांच्या प्रमुखांपैकी एक होते झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की. हे नाव भाचीकडून मी दोनदा म्हणवून घेतलं, कारण ते लक्षात राहायला हवं. पोलिश सैन्यातले हे तरुण अधिकारी १९३९ मध्ये सोव्हिएतांच्या हाती सापडले आणि कोझेल्स्कच्या तळावर ठेवले गेले. १९४० च्या वसंतात कोझेल्स्क, ओस्ताश्कोव्ह, स्तारोबेल्स्क अशा तळांवरून आणि तुरुंगांतून सुमारे २२,००० पोलिश अधिकारी, पोलीस, डॉक्टर, शिक्षक यांना नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. कतिनच्या जंगलातलं हत्याकांड म्हणतात ते हेच. कोझेल्स्कच्या कैद्यांपैकी जी थोडी माणसं वाचली, त्यांत पेश्कोव्स्की होते. तिथून आंदेर्सच्या सैन्यातून ते हिंदुस्थानात आले, वळिवड्याच्या मुलांना खेळायला, गायला, तंबू ठोकायला शिकवू लागले. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कतिनच्या मृतांचा हिशोब मागण्यात त्यांनी उरलेलं आयुष्य घालवलं. २००७ मध्ये ते वारले.

आता ‘लपवलेलं कारण’ म्हणजे काय ते बघा. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी कतिनच्या थडग्यांची बातमी जाहीर केली. पोलिश सरकारने चौकशीची मागणी केली, तेव्हा स्टालिनने त्या सरकारशी संबंधच तोडून टाकले. वळिवड्याला माणसं येऊ लागली ती यानंतर दोनेक महिन्यांत. रशिया तेव्हा इंग्लंडचा मित्र. हिटलरला हरवायचं तर स्टालिनला दुखवून चालणार नव्हतं. त्यामुळे ही बायकामुलं ‘युद्धनिर्वासित’ आहेत एवढंच म्हणायचं. जर्मनीमुळे का रशियामुळे, हे मोठ्याने बोलणं कुणाच्याच सोयीचं नव्हतं. कोल्हापूरच्या बाजारात कुणी विचारलं असेल की बाई, तुम्ही इतक्या लांब कशा, तर खरं उत्तर सांगायला त्या बायकांना शब्दही नव्हते आणि मुभाही नव्हती. वळिवड्यात अशा कित्येक बायका होत्या ज्यांना आपला नवरा जिवंत आहे की नाही हे ठाऊक नव्हतं. सोव्हिएत सरकारने या हत्याकांडाची कबुली दिली ती १३ एप्रिल १९९० ला. तोवर त्या वर्गांतली मुलं साठीला टेकली होती.

जे नवरे, भाऊ जिवंत होते ते इटलीत लढत होते. १८ मे १९४४ ला आंदेर्सच्या पोलिश कोअरने माँते कासिनोच्या मठावर झेंडा लावला. पुढे ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवर ब्रिटिश आठव्या सैन्याचा शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. त्या आघाडीवर एका भागात पोलिश सैनिक होते, आणि दुसऱ्या भागात आठव्या हिंदी डिव्हिजनचे जवान. त्याच दिवशी सेनिओ ओलांडताना मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना उचलून आणलं, एकट्याने मशीनगनची ठाणी गप्प केली आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठा जवान आणि पोलिश जवान एकाच सैन्यात, एकाच नदीवर. आणि पोलिश जवानांची पोरं कोल्हापूरला बाकावर बसून गणितं सोडवत होती. हा धागा मला फार जवळचा वाटतो.

गांधीनगरच्या एका दुकानात पाणी प्यायला थांबलो. मालक सिंधी, पन्नाशीचे. आम्ही कशासाठी आलो ते कळल्यावर त्यांनी गल्ल्यावर मुलाला बसवलं आणि मागच्या गल्लीत घेऊन गेले. नव्या तीन मजली घरांमधे एक जुनी बैठी बांधणी उरली होती. कौलं काळवंडलेली, पडवी पत्र्याने बंद केलेली, आतून कपडे शिवायच्या मशीनचा आवाज. पडवीचा एकच लाकडी खांब उघडा राहिला होता, खालून वाळवी लागलेला, वर अजून भक्कम. भाचीने त्याला हात लावून पाहिला. दुकानदार म्हणाले, “आमचे आजोबा शिकारपूरहून आले तेव्हा त्यांना अशाच बराकीत दोन खोल्या मिळाल्या. आजी सांगायची, आधीच्या बायकांनी फुलझाडं लावली होती, ती आयती मिळाली.”

पोलिश कुटुंबं का गेली आणि कुठे गेली, तर त्याचं उत्तर याल्टाच्या परिषदेत आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा सरकवली. ल्वूफ आणि विल्नो ही शहरं आणि त्यांच्या भोवतालचा मुलूख सोव्हिएत संघात गेला. वळिवड्यातली बहुतेक कुटुंबं नेमकी त्याच मुलखातली. शाळेत त्यांनी ज्या पोलंडचा भूगोल पाठ केला, ज्या नद्या-शहरांची नावं परीक्षेत लिहिली, तिथे आता त्यांचं घर राहिलं नव्हतं. जुलै १९४५ मध्ये इंग्लंडने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ज्यांनी शाळांचा खर्च केला ते सरकारच नाहीसं झालं. मग छावणी संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेकडे गेली. बालाचडीची मुलं १९४६ मध्ये वळिवड्यालाच आणली गेली. तरीही शाळा थांबल्या नाहीत. मला सगळ्यात जास्त आदर याचा वाटतो. देश गेला, सरकार गेलं, घरी परतायचं ठिकाण गेलं, आणि शिक्षिका दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गावर आल्याच.

१९४८ च्या सुरुवातीला वळिवडे रिकामं झालं. बहुतेक लोक इंग्लंडला गेले, काही ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडाला, काही पोलंडला. पोलंडला परतलेल्यांवर नवं मौन पडलं. तिथे आता कम्युनिस्ट राजवट होती आणि सायबेरिया हा शब्द उच्चारणं नोकरीला, शिक्षणाला महागात पडणारं होतं. लहानपणी कुठे होतात, या साध्या प्रश्नाला त्यांना अर्धंच उत्तर देता यायचं: हिंदुस्थानात. त्याआधीचं गाळायचं. इंग्लंडमधल्या मंडळींनी मात्र ‘हिंदुस्थानातले पोल’ नावाची संघटना काढली, एकमेकांना शोधलं, आठवणी लिहून काढल्या, मोठा ग्रंथ केला. कोल्हापुरात लग्न करून इथेच राहिलेलीही एक होती. ती शेवटपर्यंत अस्सल कोल्हापूरकर होऊन राहिली.

आणि छावणी रिकामी होते न होते तोच सिंधमधून निर्वासित आले. एका हरवलेल्या गावाच्या बराकीत दुसरं हरवलेलं गाव राहायला आलं. सिंधी मंडळींनीही इथे आधी दुकानं आणि शाळा काढल्या. ऐरोलीला सिडकोने प्लॉट पाडले तेव्हा घर घेणारा प्रत्येकजण पहिल्यांदा विचारायचा, जवळ शाळा कुठली आहे? बिऱ्हाड कुठलंही असो, मांडणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो.

दुपारी आम्ही कोल्हापुरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत गेलो. वळिवड्यात वारलेल्या पोलिश लोकांच्या कबरी तिथे आहेत आणि नीट राखलेल्या आहेत. नावं, तारखा वाचता येतात. भाची प्रत्येक नावावर बोट ठेवून जन्मसाल आणि मृत्यूसाल यांची वजाबाकी करत होती. तिने मला विचारलं, हे सगळं आमच्या इतिहासाच्या पुस्तकात एका पानावर तरी का नाही? मला तिचं म्हणणं पटतं. आठवीत दुसरं महायुद्ध शिकवताना हिटलर, चर्चिल, पर्ल हार्बर यांच्याबरोबर वळिवड्याचं एक पान हवं. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी ते युद्ध दूरचं नव्हतं, आपल्या पंचगंगेपर्यंत आलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली. तोवर कोल्हापुरातल्याच कितीतरी घरांना असं स्मारक आहे हे माहीत नव्हतं.

ज्यांना जायचं असेल त्यांनी एक दिवस पूर्ण हाताशी ठेवावा. आधी महावीर उद्यान, मग गांधीनगर-वळिवड्याचा स्तंभ, मग दफनभूमी. गांधीनगरची बाजारपेठ भरात असते तेव्हा गल्ल्यांतून गाडी हलत नाही, म्हणून सकाळी लवकर पोहोचलेलं बरं, आणि रिक्षावाल्याला ‘पोलंडवाल्यांचा खांब’ असंच सांगावं. सवड असेल तर मिरजेहून पॅसेंजरने यावं. ती वळिवड्याच्या छोट्या स्टेशनावर थांबते आणि पोलिश मुलं जिथे उतरली त्या गावात तुम्ही पायी शिरता. परतीला आम्ही सकाळची कोयना घेतली. येताना जे अंधारात किंवा घाईत गेलं होतं ते सगळं उजेडात दिसलं: पंचगंगेचा पूल, रुकडी, उसाचे मळे, कृष्णाकाठ, शेणोली. कल्याणला उतरून ठाण्याला लोकल बदलली आणि रात्री ऐरोलीत पोहोचलो. दुसऱ्या दिवशी भाचीने पोलंडचा १९३९ चा आणि १९४५ चा असे दोन नकाशे शोधले, एकावर एक ठेवून ल्वूफभोवती पेन्सिलने गोल केला आणि ते कागद सुट्टीनंतर बाईंना दाखवायला दप्तरात ठेवले.